प्रोजेक्टवाल्या साहेबांच्या सेवेशी

सन्माननीय प्रोजेक्टवाले साहेब,



आपला माझा परिचय नाही. आपल्या दुकानाची पाटी मी पाहिली आहे, पण तिच्यावरचं नाव इथे लिहीत नाही. आपल्यासारखी सेवा देणारे सांगली-साताऱ्यात आणखीही आहेत, आणि एकट्या आपलाच गौरव केला तर बाकीच्यांवर अन्याय होईल. मी कुपवाड एमआयडीसीतला लेथवाला. एक लेथ, एक जुनं मिलिंग मशीन आणि वेल्डिंगचा सेट यांवर माझं घर चालतं. इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं माझ्याकडे जॉब घेऊन येतात, म्हणून आपल्या कार्याची कीर्ती माझ्यापर्यंत पोचली.

परवाच्या स्पर्धेत आपल्या हातची गाडी पाहण्याचा योग आला. आपले आभार मानायला हे पत्र. आपण उपकार चारचौघांत केलेत, तेव्हा आभारही चारचौघांतच मानलेले बरे.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांना ही स्पर्धा ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी आपल्या परवानगीने थोडं सांगतो. बाजारात मिळणारं बॅटरीवरचं एक ड्रिल मशीन घ्यायचं, सुतार-फिटरच्या हातात असतं तेच, १८ व्होल्टचं. त्याची मोटर उघडायची नाही, बॅटरी बदलायची नाही. त्या ड्रिलच्या जोरावर एक माणूस बसून जाईल अशी गाडी मुलांनी स्वतः बनवायची. चेसिस त्यांचं, स्टिअरिंग त्यांचं, ब्रेक त्यांचा, चेनचं गणित त्यांचं. मग मैदानाला फेऱ्या मारायच्या, आणि त्या वाटेत एक चढ. जर्मनीत हिल्डेसहाइम गावच्या एका उच्चशिक्षण संस्थेने २००५ मध्ये बॅटरीच्या स्क्रू-ड्रायव्हरवर चालणाऱ्या गाड्यांची अशीच शर्यत सुरू केली. आपल्याकडे बाहा स्पर्धेत २००७ पासून देशभरची मुलं स्वतः बनवलेल्या गाड्या घेऊन पिथमपूरच्या मातीत उतरतात. तिथेही इंजिन सगळ्यांना सारखंच असतं आणि त्याला हात लावायची मुभा नसते. यंत्राची ताकद सगळ्यांना सारखी दिली की पुढचा सगळा फरक डोक्याचा आणि हाताचा.

ड्रिलच्या गाडीत हा फरक फार निष्ठुरपणे दिसतो. माणूस आणि गाडी मिळून १०० किलो धरू. सपाट जमिनीवर ताशी २० किलोमीटरने जायला चाकाशी शंभर-सव्वाशे वॉट पुरतात. ४ अँपिअर-अवरच्या १८ व्होल्ट बॅटरीत ७२ वॉट-तास साठलेले असतात. मोटरमध्ये आणि गिअरमध्ये जे वाया जातं ते सोडलं तर गाडी वीस-एक मिनिटं पळेल. मग ब्रेकचा पॅड चाकाला जरासा घासला, टायरमध्ये हवा कमी असली, बेअरिंग तिरकं बसलं, चेन अर्धी कडी जास्त ताणली, तर त्या मिनिटांतली मिनिटं गळतात. पेट्रोलच्या गाडीत असल्या चुका ताकदीखाली झाकल्या जातात. इथे एकही झाकली जात नाही. म्हणून मला ही स्पर्धा फार आवडते, साहेब. विसाव्या वर्षी मुलाच्या हातात यावी अशी याहून चांगली गोष्ट मला ठाऊक नाही.

आणि नेमक्या याच त्रासातून आपण मुलांची सुटका केलीत.

आपली सेवा किती परिपूर्ण आहे हे मुलांनीच मला सांगितलं. गाडी तयार. रिपोर्ट स्पायरल बाइंडिंग करून तयार. सादरीकरणाच्या स्लाइड तयार. गाडी बनवतानाचा व्हिडिओसुद्धा तयार, ज्यात दुसऱ्याच कुणाचे तरी हात दिसतात आणि चेहरा दिसत नाही. वर तोंडी परीक्षेची प्रश्नोत्तरं मोफत. मुलांनी काय करायचं ठेवलंत? पैसे आणायचे. चौघांनी वाटून आणले. त्यातल्या एकाने घरी परीक्षा फी म्हणून मागितले. हे त्यानेच मला खाली मान घालून सांगितलं. आई-बापाशी खोटं बोलायचा हा पहिला धडा आपल्या पॅकेजमध्ये वेगळी किंमत न लावता मिळतो, याबद्दल विशेष आभार.

आपण गाडी आदल्या संध्याकाळी टेम्पोतून पाठवलीत, हेही आपलं मोठं मन. दोन दिवस आधी आली असती तर मुलांनी ती चालवून पाहिली असती. चालवून पाहिली असती तर काहीतरी बिघडलं असतं. बिघडलं असतं तर त्यांनी पाना हातात घेतला असता. एवढा धोका आपण कसा पत्कराल?

मैदानावर सकाळी एक आनंदाचा प्रसंग घडला तो आपल्या कानावर घालतो. सांगलीच्या एका संघाची लाल गाडी उभी होती. शेजारी साताऱ्याच्या एका संघाची निळी गाडी येऊन उभी राहिली. रंग सोडला तर दोघी जुळ्या बहिणी. तोच पाइप, तीच सीट, डाव्या बाजूच्या त्याच जोडावर वेल्डिंगचा तोच ओघळ. दोन्ही संघांनी एकमेकांच्या गाडीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं, आणि सगळे गप्प झाले. चार तिकडचे, चार इकडचे, आठ मुलं. एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या मुलांना आपण असं एकत्र आणलंत.

तपासणीला आलेले परीक्षक चांगले जाणकार होते. त्यांनी लाल गाडीच्या मुलाला विचारलं, चेनचं गुणोत्तर किती? मुलाने पाठ केलेलं उत्तर दिलं, सहास एक. आपल्या रिपोर्टात तेच छापलं आहे. परीक्षक गुडघ्यावर बसले आणि दाते मोजू लागले. पुढे १४, मागे ४२. मोटरसायकलचा चेन सेट जसाच्या तसा उचलून बसवलेला. चौदा त्रिक बेचाळीस. तिनास एक.

मुलाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. साहेब, तो मुलगा ढ नाही. त्याला भागाकार येतो. त्याला कुणी ते दाते मोजायलाच लावले नव्हते.

पुढचं आपण पाहिलं नाहीत, कारण गाडी पोचवल्यावर आपली जबाबदारी संपते असं पावतीवर लिहिलेलं आहे. म्हणून मी सांगतो. या जातीच्या ड्रिलला दोन वेग असतात. वरच्या बाजूला एक बटण असतं, त्यावर १ आणि २ लिहिलेलं असतं. १ वर ठेवलं तर ड्रिल मिनिटाला साधारण साडेचारशे फेरे मारतं आणि जोर भरपूर देतं. २ वर सतराशेच्या आसपास फेरे, पण जोर कमी. आपल्या गाडीचं चाक २० इंची, म्हणजे एका फेऱ्यात जवळपास १.६ मीटर. ड्रिल २ वर आणि चेन तिनास एक, हे कागदावर मांडून बघा. ताशी ५४ किलोमीटर येतात. हातातल्या ड्रिलवर शंभर किलोचं वजन ताशी ५४ ने पळवायला निघालात आपण. मोटर तिथवर पोचणारच नाही. ती मधेच कुठेतरी अडकणार, फेरे पडणार, करंट चढणार आणि ती जळणार.

आपण ड्रिल २ वर ठेवून, वरून टेपने गुंडाळून दिलं होतं. दिसायला सुबक. सपाटीवर गाडी कशीबशी निघाली. चढाला लागली आणि आवाज बसला. मग वार्निश जळल्याचा तो वास आला, जो एकदा नाकात गेला की माझ्या धंद्यातला माणूस विसरत नाही. चालवणारा पोरगा ड्रिलचा ट्रिगर दाबूनच बसला होता. सोडायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मागून निळी गाडी आली. तीही त्याच चढावर, त्याच जागी, त्याच वासाची.

टेप काढून ते बटण १ वर सरकवलं असतं तर ताशी चौदाच्या वेगाने दोन्ही गाड्या चढून गेल्या असत्या. पहिल्या आल्या नसत्या. पण चढल्या असत्या. नखाएवढं बटण आहे ते, साहेब. मुलांना ते आहे हेच माहीत नव्हतं, आणि मोफत प्रश्नोत्तरांच्या त्या चोपड्यात ते नाही. मी चोपडं पूर्ण वाचलं. त्यात ‘प्रकल्पाचे समाजाला होणारे फायदे’ सात आहेत.

रिपोर्टही वाचला. छपाई सुरेख. मात्र ड्रिलच्या गाडीच्या रिपोर्टात मधेच गवत कापायच्या यंत्राची आकृती येते, आणि तिच्याखाली पात्याची लांबी दिलेली आहे. आधीच्या कुणा गिऱ्हाइकाची ती आठवण असावी. मुलांनी तो रिपोर्ट उघडला नव्हता, त्यांच्या मार्गदर्शकांनी सही करताना उघडला नव्हता, आणि आपण छापताना उघडला नव्हता. आपल्या व्यवसायाचा पाया किती पक्का आहे हे मला तिथे समजलं. न वाचणाऱ्या माणसांची एक अखंड साखळी आपल्याला हवी असते, आणि ती आपल्याला मिळत राहते. त्या साखळीतल्या सह्या करणाऱ्यांनाही माझा हात जोडून नमस्कार कळवा. आपल्या गिऱ्हाइकांना आपल्याकडे पाठवणारे बरेचसे तेच असतात असं मुलं म्हणतात.

आता एका दुसऱ्या संघाबद्दल सांगतो. आपल्याला कंटाळा येईल, कारण त्यांनी आपल्याकडून काहीच घेतलं नव्हतं. तीन मुलं आणि दोन मुली, इथल्याच एका कॉलेजची. त्यांच्याकडे पैसे नव्हते असं नाही, पण त्यांच्यातल्या एका मुलीने हट्ट धरला होता की गाडी आपणच करायची. ती कवठेमहांकाळकडची. वडील विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात. पान्याचा नंबर ती बोल्ट बघून सांगते.

त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल? गोल रॉड घेतला आणि ड्रिलच्या चकमध्ये आवळला. जोर आला की रॉड आतल्या आत फिरायचा. चकला तीन जबडे असतात, त्यांना धरायला गोल पृष्ठभाग मिळतो, आणि तेलकट हात लागला असेल तर विचारूच नका. मुलं माझ्याकडे आली की चक बदलून द्या. मी म्हटलं चक चांगला आहे, तुमचा रॉड बघा. मग त्या मुलीने कानस घेतली आणि रॉडवर तीन सपाट बाजू काढल्या, जबड्यांच्या मापात. एक संध्याकाळ गेली. घसरणं थांबलं.

मग ब्रेक जोडताना त्यांना ड्रिल उलट्या दिशेने फिरवायची युक्ती सुचली. गाडी मागे घ्यायला चांगली. मागे घेतली, तर दोन हात अंतरावर चकच निखळून हातात आला. सगळे हबकले. चक मशीनच्या दांड्यावर आट्यांनी बसवलेला असतो. भाराखाली झटक्याने उलटं फिरवलं की तो सुटायला बघतो. म्हणून चकच्या पोटात, जबडे पूर्ण उघडले की दिसेल असा एक स्क्रू असतो, आणि त्याचे आटे उलटे असतात. घट्ट करायचा तर डावीकडे फिरवायचा. हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं. टॉर्च लावून चकमध्ये डोळा घालून बघणाऱ्या एका मुलाला ते दिसलं, आणि तो एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या शेडमधला माणूस धावत आला. स्क्रू ढिला होता. त्याने तो नेहमीच्या सवयीने उजवीकडे आवळायला घेतला, तो आणखी ढिला झाला, आणि मग एक क्षण असा आला की त्याचा हात थांबला आणि दिशा बदलली.

तो क्षण आपण विकता, साहेब. गाडी नाही. गाडीचा पाइप आणि चेन कुणालाही भंगार बाजारात मिळते. मुलाचा हात जिथे थांबून दिशा बदलणार असतो ती जागा आपण त्याच्याकडून काढून घेता आणि त्याबद्दल त्याच्याकडूनच पैसे घेता. इतका चोख व्यवहार मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

पुढे त्यांचा शाफ्ट आणि ड्रिल एका सरळ रेषेत येईना. दोन मिलिमीटर फरक असला तरी ड्रिलचा गळा थरथरतो, आणि अर्ध्या तासात पुढचं बेअरिंग आवाज करू लागतं. ड्रिल बनवणाऱ्याने त्याचं बेअरिंग भोक पाडायला दिलेलं असतं, बाजूने ओढ सोसायला नाही. मग मधे रबराचं कपलिंग टाकायचं ठरलं, आणि चेनची ओढ वेगळ्या दोन बेअरिंगांवर घेतली. ही कल्पना त्यांची. मी फक्त लेथवर बूश काढून दिले, आणि त्याचेही पैसे त्यांनी घासाघीस करून दिले, हे मुद्दाम नोंदवतो.

त्यांचा नंबर आला का? नाही आला. तिसऱ्या फेरीत चेन उतरली. चालवणारी मुलगी खाली उतरली, मागचं चाक उचलून चेन हाताने चढवली, हात पँटला पुसले आणि पुन्हा बसली. गाडी पूर्ण अंतर गेली. ती अंतिम रेषा ओलांडताना सगळ्यात मागे होती. परीक्षकांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या पाच जणांनी एकमेकांना अडवत, मधेच बोलत दिलं. एका प्रश्नावर तर त्यांचं आपसातच भांडण लागलं. मी कुंपणाबाहेर उभा राहून ते भांडण ऐकत होतो आणि मला भरून आलं.

साहेब, आपण या मातीवर आणखी एक उपकार करता आहात. तिला तिच्या इतिहासाच्या ओझ्यातून मोकळं करता आहात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोडच्या माळावर कारखाना आणला, आणि किर्लोस्करवाडी झाली. त्याआधी ते मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत, पुढे बेळगावला सायकलचं दुकान चालवत. लोखंडाचा नांगर केला, तर शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमीन नासेल. तरी ते करत राहिले. सातारा रोडला कूपरांच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या आधीपासून डिझेल इंजिनं बनत. पुढे १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स सुरू झाली आणि साताऱ्यात प्रिया स्कूटर तयार होऊ लागली. माझ्या वयाच्या किती घरांत ती प्रिया होती. सांगलीत वालचंद कॉलेज १९४७ पासून आहे, कराडचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून. एवढं सगळं डोक्यावर असलं की पोरांना वाटू लागतं, आपणही काही करून बघावं. ते वाटणं आपण वेळीच शमवता.

सगळ्यांचं शमत नाही. देवराष्ट्रे आपल्याला माहीत असेल, कडेगाव तालुक्यातलं, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या वस्तू जमवून जीपसारखी दिसणारी गाडी बनवली. खर्च सुमारे ६० हजार रुपये. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. औपचारिक शिक्षण फारसं नाही. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी तेव्हाच म्हटलं की ही गाडी कुठल्याही नियमात बसत नाही, पण आपल्या लोकांच्या कल्पकतेला दाद द्यावीच लागेल. ती गाडी घेऊन त्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली, आणि २०२२ च्या जानेवारीत ती लोहार यांच्या घरी आलीही. मला त्यात बोलेरोचं अप्रूप नाही. मला त्या किकचं अप्रूप आहे. चारचाकीला किक बसवायची तर काय काय जुळवावं लागतं हे विचार करून बघा. ते जुळवताना त्या माणसाचं किती वेळा बिनसलं असेल, आणि किती वेळा त्याने सगळं सोडून पुन्हा जोडलं असेल. त्यांना कुणी रिपोर्ट मागितला नव्हता. मोफत प्रश्नोत्तरंही मिळाली नव्हती.

तुम्ही म्हणाल, आम्ही नसतो तर मुलं नापास झाली असती. म्हणाल, मुलांना वेळ नसतो, कॉलेजात वर्कशॉपला कुलूप असतं, मशीनला हात लावला तर ओरडा बसतो, आम्ही गरज भागवतो. यातलं वर्कशॉपच्या कुलपाचं मला मान्य आहे. काही ठिकाणी ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लेथवर प्लास्टिकचं आवरण, आवरणावर धूळ, आणि भिंतीवर सुरक्षेचे नियम. त्या कुलपाविरुद्ध मी बोलतो आहे आणि बोलत राहीन. पण कुलूप आहे म्हणून तुम्ही किल्ली विकत नाही. कुलपाच्या बाहेर खुर्ची टाकून तुम्ही मुलांना सांगता, आत बघायची गरजच काय.

आणि नापासाचं म्हणाल, तर या लाल गाडीच्या चौघांपैकी तिघे पुढच्या वर्षी कुठल्यातरी कारखान्याच्या दारात मुलाखतीला उभे राहतील. आमच्या एमआयडीसीतही येतील. कुणीतरी त्यांच्यासमोर एक साधं ड्रिल ठेवेल आणि विचारेल, हे बटण कशाला असतं. तिथे तुम्ही नसाल. ते उत्तर त्यांना तुम्हीच दिलं नाहीत, आणि ते शोधायची वेळ होती तेव्हा त्यांच्या हातून ड्रिलही काढून घेतलंत. मला या गोष्टीचा राग येतो. सभ्य शब्द सापडेनात म्हणून साधं लिहितो: फार राग येतो.

स्पर्धा झाल्यावर एक गोष्ट घडली ती मात्र तुमच्या कुठल्याच पॅकेजमध्ये नव्हती. लाल गाडीची मुलं गाडी टेम्पोत घालून थेट माझ्याकडे आली. म्हणाली, काका, हे उघडून दाखवता का? मी म्हटलं, मी नाही उघडणार, तुम्ही उघडा. मैदानावर दाते मोजताना ज्याचा चेहरा उतरला होता त्यानेच स्क्रू काढले. आतले ग्रहमाला गिअर बाहेर आले. मोठ्या कड्याच्या पोटात फिरणारी तीन छोटी चाकं, मधे मोटरचं चाक. बटण १ वर सरकवलं की कुठलं कडं अडकतं आणि २ वर कुठलं मोकळं होतं हे त्याने बोटाने फिरवून पाहिलं, मग परत फिरवून पाहिलं. जवळजवळ तासभर तो काही बोलला नाही. बाकीच्यांना चहा आला, त्याने घेतला नाही. मग त्याने कागद मागितला आणि फेऱ्यांचं गणित स्वतः मांडलं. ५४ हा आकडा त्याने काढला आहे, मी नाही. वर लिहिलेला हिशोब त्याचाच.

निळ्या गाडीच्या मुलांनाही त्यांनी फोन करून बोलावलं. ती साताऱ्याहून एसटीने येणार आहेत, येत्या रविवारी. गाडी आणणं परवडणार नाही म्हणून फक्त ड्रिल आणि मागचं चाक घेऊन येतील.

तर साहेब, त्या रविवारी तुम्हीही या. हे आमंत्रण मनापासून आहे. येताना तुमच्या दुकानात ज्या माणसाने ही गाडी जोडली त्याला घेऊन या. त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. तो पोटासाठी करतो, आणि त्याच्या हातात कसब आहे हे त्या चेसिसच्या कोपऱ्यांवरून दिसतं. डाव्या बाजूच्या त्या जोडावर त्याचा हात का घसरला हे त्याने मुलांना सांगावं. त्याला शिकवायचे पैसे द्या. तुमच्याकडे जी माणसं आहेत, जी जागा आहे, जी ड्रिलं आणि वेल्डिंगचे सेट आहेत, ती मुलांना तासावर भाड्याने द्या. पाटी बदला. तुमचा धंदा बंद पडावा असं मला वाटत नाही. तुमच्या दुकानात मुलाने शिरावं आणि हात काळे करून बाहेर पडावं, एवढंच मला हवं आहे. तुम्ही ते करू शकता. या भागात तुमच्याएवढी सोय दुसऱ्या कुणाकडे नाही.

नाही आलात तरी मुलं काम करणार आहेत. १४ दात्यांचं स्प्रॉकेट तसंच ठेवून मधे दुसरा शाफ्ट टाकायचा आणि वेग दोन टप्प्यांत कमी करायचा, की मागचं चाकच लहान घ्यायचं, यावर त्यांचं भांडण सुरू झालं आहे.



आपला,
कुपवाडचा एक लेथवाला

ता. क. जळालेली मोटर मुलांनी बदलली. नव्या मोटरची पावती सोबत जोडली आहे. ते पैसे आपण द्यायचे, असं मुलांचं म्हणणं आहे आणि माझंही. रविवारी येताना रोख आणलेत तर बरं होईल.